मांडीचं माप

माझ्या घरात माझा इतका मान आहे, की मला कुणी काही सांगत नाही.

सकाळी उठल्याबरोबर माझा थोरला, योगीराज, माझ्या पाया पडतो. एक हात पायाला, दुसऱ्या हातात मोबाइल. धाकटा वैभव परभणीत राहतो, तो फोनवरूनच पाया पडतो. फोनवरून पाया कसे पडतात ते मला अजून कळलेलं नाही, पण तो “पाया पडतो आप्पा” म्हणतो आणि मला पडल्याचं धरून चालावं लागतं. मी तोंड उघडलं की दोघं “हो आप्पा” म्हणतात. तूर पेरा म्हटलं तरी हो आप्पा, पेरलेली तूर उपटा म्हटलं तरी हो आप्पा. पुढं करायचं तेच करतात. एकदा खात्री करावी म्हणून मी म्हटलं, म्हैस गच्चीवर बांधत जा. योगीराज म्हणाला, “हो आप्पा, बघतो.” असला मान बैलाला पोळ्याच्या दिवशी मिळतो, तोही एकच दिवस.

मला, म्हणजे महालिंग झरीकराला, या वयात फार काही नको आहे. एकच गोष्ट हवी आहे. आमच्या लोकांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर ठेवतात आणि बसल्या बैठकीला माती देतात. माझी बायको नागुबाई गेली तेव्हा तिला आम्ही आमच्याच वावरात, ओढ्याकाठी बसवली. वर लहानसा दगडी चौथरा बांधला आणि उजव्या बाजूला माझ्यापुरती जागा सोडली. पोरांना सांगितलं, मला इथं, हिच्या शेजारी बसवायचं. दोघं काय म्हणाले ते वेगळं सांगायला नको.

दर सोमवारी मी तिथं जायचो. चौथरा झाडायचो, बेल वाहायचो आणि आठवड्याचं सगळं तिला सांगायचो. पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि मी पोरांच्या गाडीवर अवलंबून राहिलो. मागच्या भाद्रपदात ओढ्याला पूर आला. त्यानंतर मला शेतात न्यायला कुणालाच सवड होईना. चिखल आहे आप्पा. गाडी गॅरेजला आहे आप्पा. आज अमावास्या आहे आप्पा. आमच्या लोकांना अमावास्या कधीपासून आडवी यायला लागली, हे विचारलं तर योगीराज म्हणाला, “तसं न्हाई आप्पा, बरोबर हाय तुमचं,” आणि चप्पल घालून दुकानात गेला. पुरानं काय झालं विचारलं तर, “काई न्हाई आप्पा, पानी आलं आन गेलं.”

महाशिवरात्र झाली, तरी मला नेलं नाही. मग एके दिवशी सकाळी परमेश्वर गवंडी आला. मी ओसरीवर बाजेवर बसलो होतो. घरात सून तेवढी होती. त्यानं नमस्कार केला, खिशातून टेप काढला आणि अगदी आदबीनं म्हणाला, “आप्पा, जरा खाली मांडी घालून बसता का?”

“कशाला?”

“माप घ्यायचंय. मालक म्हनले अंदाजानं कर. पर अंदाजानं केलं आन मागून अडचन झाली, तर ऐन टायमाला कुनाला बोलावं? तुमचे गुडघे लय रुंद जातेत.”

मला आधी वाटलं, पोरं देवघरासाठी पाट करून घेतायत. मी विचारलं, “कशाचं माप घ्यायलास बाबा?”

परमेश्वरचा चेहरा पडला. टेप अर्धा बाहेर, अर्धा आत. “म्हंजी, तुमाला सांगितलं न्हाई?”

मग त्याच्याकडून एकेक काढून घेतलं. वरच्या वावरात, डांबरी रस्त्याला लागून, माझी समाधी बांधून तयार होत होती. काळा ग्रॅनाइट, भोवती स्टीलचा कठडा, समोर नावाची पाटी. पाटीवर माझं नाव होतं आणि त्याखाली माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात योगीराजचं. येत्या सोसायटीच्या निवडणुकीत हा उभा राहणार होता, हे मला गावातून कळलं होतं. बापाला जिवंतपणी प्रचाराला नेता येत नाही, म्हणून मेल्यावर रस्त्याकडेला उभा करायचा बेत होता.

“खड्डे दोन धरलेत,” परमेश्वर खाली बघत म्हणाला. “एक तुमचा, एक मायचा.”

“मायला तिथून कशाला उठवायलेत?”

परमेश्वरला त्याच घटकेला सिमेंट आणायची आठवण झाली.

मी दोघांना बोलावून घेतलं. दुपारपर्यंत योगीराज दुकानातून आला, वैभव परभणीहून गाडी घेऊन आला. दोघं समोर हात जोडून उभे राहिले. लग्नात आहेर द्यायला आल्यासारखे.

“माझी समाधी बांधायलेत म्हनं?”

“तसं न्हाई आप्पा,” योगीराज म्हणाला. “तुमी म्हनाल तसं.”

“मी म्हनलो होतो ओढ्याकाठी.”

“हो आप्पा. बरोबर हाय तुमचं.”

“मंग रस्त्याला कशाला?”

“ते पन तुमी म्हनाल तसं.”

वैभव मधे पडला. तो शहरात राहतो, त्यामुळे त्याला बोलायचं कसं ते कळतं, असा त्याचा समज आहे. म्हणाला, “आप्पा, तुमी टेन्शन घेऊ नका. तुमचं बीपी वाढंल. सगळं तुमच्या इच्छेप्रमाणं होईल.” त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दवाखान्यात पेशंटच्या खांद्यावर ठेवतात तसा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात मला शिव्या देणारी माणसं भेटली, कोर्टात खेचणारी भेटली, पण मला इतकं कवडीमोल कुणी केलं नव्हतं. शिवी देणारा निदान ऐकून तरी घेतो.

तेवढ्यात माजघराच्या दाराआडून आवाज आला, “खोटं बोलायलेत, मामंजी.”

ती महेश्वरी, योगीराजची बायको. आमच्या घरात सुना सासऱ्यासमोर येत नाहीत. काही सांगायचं असलं तर दाराआडून, तेही कुणाच्या तरी मार्फत. ही रीत माझ्या बापाची. मी ती कधी मोडली नाही, कारण तिच्यामुळे घर शांत राहतं. या बाईनं सरळ मला हाक मारली होती. योगीराज दाराकडं बघून डोळे वटारायला लागला.

“तू गप बस,” तो म्हणाला.

“गप बसून सात-आठ महिने झाले,” दार म्हणालं. “मामंजी, ओढ्यानं काठ खाल्लाय. आत्याबाईंची समाधी येत्या पावसाळ्यात जानार हाय. तुमची जागा तर गेली. पुरातच गेली.”

मी योगीराजकडं पाहिलं.

“खरं हाय का हे?”

माझा थोरला मुलगा, सोसायटीचा होणारा चेअरमन, म्हणाला, “तुमी म्हनाल तसं, आप्पा.”

मी काठी उचलली. मारायला नव्हे, उठायला. पण दोघं मागं सरकले, त्याचं मला बरं वाटलं. मी दाराकडं तोंड करून म्हटलं, “मला ने तिथं. आत्ता.”

महेश्वरी रोज स्कूटीवर शेतात जाते. आमची शेती तीच बघते. माझे चिरंजीव शेतीबद्दल भाषणं करतात. तर सुनेच्या स्कूटीवर मागं बसून मी भर दुपारी झरीच्या बाजारातून निघालो. पारावरचे लोक उठून उभे राहिले. रंगनाथ तेली तर हातातला चहा विसरला. महेश्वरीच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडाला आणि तिनं तो सावरला नाही, कारण दोन्ही हात हँडलला होते. बघू दे, म्हटलं. यांनी आयुष्यभर दुसरं केलंय काय?

ओढ्याकाठी पोचलो. बाभळीचं झाड होतं तिथं झाड नव्हतं. काठ सरळ कापून नेल्यासारखा होता. चौथऱ्याचा एक कोपरा उघडा पडून पुढं आला होता, त्याखालची माती सुटत होती. उजव्या बाजूला मी माझी जागा शोधली. तिथं नुसती हवा होती. बरीच खाली वाळू आणि त्यात कुणाची तरी तुटकी चप्पल.

मी म्हटलं, “ऱ्हाऊ दे. तिला उठवायचं न्हाई. वाहून गेली तर जाईल. मला बी इथंच आना. मी बी जाईन.”

“मला पटत न्हाई,” महेश्वरी म्हणाली.

हे तीन शब्द माझ्या घरातल्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. वाईट लागले.

“तुला कोन विचारलं?”

“कुनीच न्हाई. म्हनून तर असं झालं.” ती दोन हात लांब उभी होती, पदर आता नीट घेतला होता, पण नजर खाली नव्हती. “आत्याबाई गेल्या तवा तुमीच म्हनलात, आता ती लिंगैक्य झाली, शिवात मिळाली, तिथं काई ऱ्हायलं न्हाई, रडू नका. मंग काई ऱ्हायलं न्हाई तर उठवायला हरकत कशाची?”

“काई ऱ्हायलं न्हाई तर वाहून जायला हरकत कशाची?”

मला समाधान वाटलं. एवढ्या वर्षांत वाद घालून जिंकायची संधी मिळाली नव्हती. हो म्हणणाऱ्याशी जिंकता येत नाही.

पण ती कच्ची नव्हती. “बरं. तुमचा मुद्दा बरोबर हाय,” म्हणाली. “पर मला काय म्हनायचंय ते तुमाला कळंना.”

“तुला माझं कळलंय का?”

“कळलंय. सांगू?” ती समोरच्या दगडावर बसली. सासऱ्यासमोर, मांडीला मांडी नाही, पण बरोबरीनं. “तुमचं म्हननं असं, की तिथं आत्याबाई न्हाईत हे तुमाला माहीत हाय. पर तुमी बोलता ते इथं. घरात तुमचं कुनी ऐकत न्हाई, नुसतं हो म्हनतेत. इथं येऊन तुमी भांडता त्यांच्याशी. मी ऐकलंय, खुरपताना. ही जागा हालली तर तुमाला भांडायला जागा उरत न्हाई. आसंच ना?”

मला फार राग आला. माझं म्हणणं मलाही इतकं नीट मांडता आलं नव्हतं. या पोरीनं तुरीच्या काकऱ्यांतून कान देऊन ऐकलं होतं.

“आसंच,” मी म्हटलं.

“आता तुमी माझं सांगा.”

“तुझं काय. तुला हे लवकर उरकायचंय. जेसीबी लावायचा, वर न्यायचं, मोकळं व्हायचं.”

“न्हाई. चुकलं.”

“मंग नवऱ्याच्या निवडनुकीसाठी.”

“त्या पाटीला मी रोज शिव्या घालते. परत चुकलं.”

या बाईच्या हातचं मी एवढी वर्षं जेवलो आणि तिच्या मनात काय असेल याचा मला तिसरा अंदाज करता येत नव्हता. मी पाणी मागितलं. तिनं स्कूटीच्या डिकीतून बाटली काढून दिली. मी पाणी पिईपर्यंत ती थांबली. मग मी सांगितलं, “मला माहीत न्हाई. तूच सांग.”

“मी रोज सकाळी इथं येते,” ती म्हणाली. “आदी बघते, आज किती माती गेली. मंग कामाला लागते. तुमी बघत न्हाई, ते दोघं बघत न्हाईत. मी एकटी बघते. एक दिवस मी येईन आन आत्याबाई खाली वाळूत पडलेल्या आसतील. त्यांना शेवटची आंघोळ मी घातली, मामंजी. मला त्यांना तसं बघायचं न्हाई. माझं म्हननं एवढंच.”

ओढ्यात कुणाची तरी म्हैस उतरली होती, तिला हाकलायला कुणी नव्हतं. मी त्या म्हशीकडं बघत राहिलो. नसलेलं उत्तर देण्याची पद्धत माझ्या दोन मुलांनी पेटंट करून ठेवली आहे, ती मला वापरायची नव्हती.

“उठवू,” मी म्हटलं. “पर रस्त्याला न्हाई. तिला धुरळा सहन होत न्हवता.”

“रस्त्याला न्हाईच.”

“आन जेसीबी न्हाई. हातानं.”

“जेसीबीशिवाय लय दिवस लागतील.”

“लागू दे. हाताला कळतं कुठं थांबायचं.”

तिनं विचार केला. “बरं. हे तुमचं पटलं.”

“विहिरीपाशी नेऊ,” मी म्हटलं. “दुपारची भाकर घेऊन ती तिथं बसायची. तिची जागा ती.”

“तिथं तुमी बसायचा,” महेश्वरी म्हणाली. “त्या उभ्या ऱ्हायच्या, तुमचं होईपर्यंत. तुमी जेवून घरी बाजेवर पडायला गेलात, की वरच्या बांधावर चिंचंखाली जाऊन खायच्या. माझ्या लग्नानंतर आमी दोघी तिथंच जेवायचो. उंचावर हाय, पानी लागत न्हाई, घर बी दिसतं.”

मी म्हटलं, विहीर. ती म्हणाली, चिंच. मी पुन्हा विहीर म्हटलं, पण या वेळी जरा हळू. मग आम्ही चिंचेखाली जाऊन बसून पाहिलं. घर दिसत होतं. ओसरी दिसत होती, माझी बाज दिसत होती. नागुबाई इतकी वर्षं इथून माझ्याकडं बघत भाकर खात होती आणि मला वाटत होतं ती विहिरीपाशी आहे. मी काठीनं तिथंच जमिनीवर खूण केली.

घरी आलो तेव्हा दोघं चिरंजीव ओसरीवरच होते. मी ठरलेलं सांगितलं. दोघं एका सुरात म्हणाले, “हो आप्पा.”

“हो न्हाई,” मी म्हटलं. “तुला काय वाटतंय ते सांग. मी तुला मारनार न्हाई. मारायचं वय न्हाई ऱ्हायलं.”

योगीराज बायकोकडं बघायला लागला. ती दाराआड गेली नव्हती, उंबऱ्यावर उभी होती. तिनं त्याला काही खुणावलं नाही. शेवटी तो म्हणाला, “मला रस्त्यालाच पाहिजे होतं, आप्पा. येनाऱ्या-जानाऱ्यानं बघावं, कुनाचा पोरगा हाय म्हनावं, असं वाटतं मला.” इतकी पोकळ इच्छा इतक्या मनापासून सांगताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. पण पन्नाशीला आलेल्या माझ्या मुलानं माझ्याशी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं.

“मला पटत न्हाई,” मी म्हटलं. “बस इथं. का वाटतं ते नीट सांग.”

तो बसला. त्याचं पटलं नाही ते नाहीच. पण रस्त्याकडेचा चौथरा पाडायचा नाही, पाटी तेवढी काढायची, असं आमचं ठरलं. आता त्या काळ्या ग्रॅनाइटवर पोरं-बाया जिंतूरच्या गाडीची वाट बघत बसतात. त्याच्या हातून गावासाठी झालेलं हे पहिलं काम, तेही चुकून. वैभव मात्र अजून फोनवरून पाया पडतो. त्याचं एका दिवसात सुधारणार नाही.

मठातल्या स्वामींना बोलावून, मंत्र म्हणून, हातानं माती काढली. जे राहिलं होतं ते आणि भोवतालची माती पाटीपाटीनं वर नेली. महेश्वरी शेवटपर्यंत खाली वाकून होती. तळहाताच्या जागी लिंग सापडलं, जसं दिलं होतं तसं. तिनं ते पदरात घेतलं आणि चिंचेखाली आणून माझ्या हातात दिलं. मी ते नागुबाईला परत दिलं.

परमेश्वर गवंडी टेप घेऊन तिथं आला होता. या वेळी त्यानं माझ्याकडं न बघता म्हटलं, “आप्पा, आता तरी माप देता का?”

मी काठी टेकली, महेश्वरीच्या दंडाला धरलं आणि नागुबाईच्या उजव्या हाताला जमिनीवर मांडी घातली. गुडघे कुरकुरले. समोर घर होतं, ओसरी होती, रिकामी बाज होती. भोवती स्वामी, दोन मुलं, वाटेकरी, पाच-पन्नास माणसं उभी होती.

“बरोबर बसलोय का?” मी विचारलं.

“हो आप्पा,” सगळे म्हणाले. योगीराज, वैभव, परमेश्वर, स्वामीसुद्धा.

“न्हाई,” महेश्वरी म्हणाली. “लय पसरलाय. आत्याबाईंना जागा ठेवा. जरा तिकडं सरका.”

मी सरकलो.